घरत मॅडमची चिंबोरी

"बाई, पाणी बंद करा, माझा अशील भिजतोय!"

भगत वकील जिन्यातूनच ओरडत वर येत होते. त्यांचा आवाज असा, की सीबीडी बेलापूरच्या निम्म्या कचेऱ्यांतल्या लोकांनी उठून आपापले नळ तपासले असणार. त्यांचं ऑफिस पहिल्या मजल्यावर, आमचं बरोबर त्यांच्या डोक्यावर. दारात उभे राहिले तेव्हा त्यांच्या काळ्या कोटावर पांढरा चिखल ओघळत होता आणि मागे खरोखरच एक भिजलेला अशील होता. बिचारा जमिनीच्या दाव्यासाठी आला होता आणि आता अंघोळ झाल्यासारखा मान खाली घालून उभा होता.

आत घरत मॅडम पदर कमरेला खोचून फरशीवर उकिडव्या बसल्या होत्या. समोर प्लास्टर ऑफ पॅरिसचा पांढराशुभ्र चौकोनी ठोकळा. त्याच्या एका तोंडातून पंपाचं पाणी आत जात होतं आणि दुसऱ्या तोंडातून नुकतीच बोटाएवढी धार फुटली होती. ती बादली ओलांडून भिंतीवर आणि भिंतीवरून वकिलांच्या अशिलावर. पंप माझ्या ताब्यात होता. मी जाधव, मूळचा साताऱ्याकडचा, राहायला सानपाड्याला. पंप बंद करायला माझा हात गेला, तर मॅडमनी न बघताच सांगितलं की हात लावशील तर याद राख.

मग त्यांनी वकिलांकडे मान वळवली. "तुमच्याकडे एकाच जागेतून पडतंय, का सगळीकडून?"

जन्मभर साक्षीदारांना प्रश्न विचारलेल्या माणसाला कुणी साक्षीदार केलं की त्याची कशी गाळण उडते, ते मी त्या दिवशी पाहिलं. वकील चाचरत म्हणाले, एकाच. टेबलाच्या बरोबर वर.

मॅडम तशाच ओल्या पायांनी खाली गेल्या, वकिलांच्या टेबलावर चढल्या आणि छतावरच्या ओल्या डागाभोवती पेन्सिलीनं गोल काढला. एवढा मोठा स्लॅब, त्यात हजारो बारीक छिद्रं, पण पाण्यानं त्यातलं एकच निवडलं, हे त्यांनी वकिलांना इतक्या आनंदानं समजावलं की ओरडायचं राहूनच गेलं. शेवटी त्यांनी सल्ला दिला की टेबल हातभर सरकवा, आता दुसरीकडून पडणार नाही. वकिलांनी टेबल सरकवलं. पडलं नाही. ज्यांना हे खोटं वाटतं त्यांनी बेलापूरला जाऊन तो पेन्सिलीचा गोल बघावा. वकिलांनी पुढे ऑफिसला रंग लावला तेव्हाही तेवढा डाग सोडून लावला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "आमच्या वरच्या मॅडम" म्हणून दाखवत राहिले.

आता ही बाई कोण, आणि सरकारी वस्तीत बसून प्लास्टरच्या ठोकळ्यांत पाणी का सोडत होती?

डॉक्टर हिरा घरत. डॉक्टर म्हणजे गणिताच्या. जासईच्या घरतांची मुलगी. आमची कंपनी समुद्रातल्या तेलविहिरींची कामं घ्यायची आणि बेलापूरच्या ऑफिसात तिचा एक चिमुकला विभाग होता, मॉडेलिंगचा. मॉडेलिंग म्हटल्यावर माझ्या सासुरवाडीत वेगळाच गैरसमज पसरला होता आणि मी तो मुद्दाम दुरुस्त केला नाही. प्रत्यक्षात विभागात मॅडम, मी, एक पंप आणि एक कॉम्प्युटर. नव्वदच्या दशकातला तो कॉम्प्युटर असा धीराचा, की मॅडमनी त्याला गणित घातलं की मी खाली जाऊन चहा घ्यायचो, उरणला जाऊन मासळी घ्यायचो, ती घरी पोचवून तळून खाऊन परत यायचो, तरी तो विचारातच असायचा.

गणित एकच होतं. समुद्राच्या पोटात चुनखडीचा दगड असतो. बाहेरून घट्ट, आतून पावासारखा सच्छिद्र. त्या छिद्रांत तेल. विहिरीभोवतालची छिद्रं बुजली की तेल येईनासं होतं. मग वरून पातळ ॲसिड सोडायचं. ते दगड विरघळवत जातं आणि वाट मोकळी करतं. ऐकायला सोपं. पण ते ॲसिड किती वेगानं सोडायचं? इथंच सगळं अडायचं, आणि या एका प्रश्नावर मॅडमनी आपलं तारुण्य, चष्म्याचे तीन नंबर आणि माझी सुट्टीची सगळी कारणं खर्च केली.

आमचे मुख्य नाडकर्णी साहेब. माणूस देवासारखा, फक्त शिंकायलाही वरिष्ठांची परवानगी मागेल असा. मॅडम त्यांना समीकरणं दाखवायच्या तेव्हा दुसऱ्या ओळीला त्यांचे डोळे मिटायचे आणि तिसऱ्या ओळीला मान होकारार्थी हलायला लागायची. एके दिवशी मॅडमनी कागद बाजूला ठेवला आणि साहेबांसकट आम्हाला बेलापूर स्टेशनजवळच्या बर्फाच्या गोळ्याच्या गाडीवर नेलं. तीन गोळे सांगितले. पहिल्यावर सरबत थेंब थेंब टाकायला लावलं. गोळ्याचं टाळकं तेवढं वितळून बसलं, आत काहीच गेलं नाही. दुसऱ्यावर अख्खी बाटली भसकन ओतायला लावली. सगळा गोळा एकदम भिजून भुसभुशीत झाला आणि काडीवरून निसटून नाडकर्णी साहेबांच्या बुटात गेला. तिसऱ्यावर मधल्या बेतानं धार धरायला लावली. सरबतानं एक नेमकी वाट शोधली आणि आरपार काडीपर्यंत एकच लालभडक बोगदा पाडला.

"कमीत कमी सरबतात आरपार," मॅडम म्हणाल्या. "हा वेग शोधायचाय आपल्याला."

 गोळेवाल्यानं विचारलं, "मॅडम, खायचाय का शिकायचाय?" त्या दिवशी नाडकर्णी साहेबांना मॉडेलिंग पहिल्यांदा कळलं, आणि त्यांनी तिन्ही गोळे खाल्ले.

दगड फोडून आत बघता येत नाही म्हणून प्लास्टरचे ठोकळे. प्लास्टर साध्या पाण्यातही हळूहळू विरघळतं. ॲसिड नको, धूर नको. त्यासाठी आम्ही दोघं पेणला गेलो, गणपतीच्या कारखान्यात. तिथल्या कारागिराला मॅडमनी सांगितलं की हाताएवढा ठोकळा हवा, आत बुडबुडा नको. त्यानं सोंड कुठल्या बाजूला विचारली. मॅडम म्हणाल्या, सोंड नको. हात किती? हात नको. कारागीर माझ्याकडे असा बघायला लागला जणू मी बाईंना फसवून आणलंय. अखेर ठोकळे दिले त्यानं, पण कारखान्यातून गेलेलं काहीही नारळाशिवाय जात नाही म्हणून प्रत्येकापुढे नारळ फोडला. पुढचा महिनाभर विभागात खोबऱ्याच्या वड्या होत्या.

ठोकळ्यात बोगदा पडला की मॅडम त्यात वितळलेलं मेण ओतायच्या, गार झालं की भोवतालचं प्लास्टर खरवडून टाकायच्या आणि आत उरायची मेणाची फांदी. मुळासारखी, फाटे फुटलेली, देखणी. कपाटावर अशा फांद्यांची रांगच होती. नाडकर्णी साहेबांकडे आलेल्या एका पाहुण्यांनी ती पोवळी समजून उचलली आणि समुद्रातनं हे काढायला बंदी आहे म्हणून आम्हाला दम भरला.

पण ठोकळा फांद्या दाखवत होता आणि कॉम्प्युटर दाखवत नव्हता. हे त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत वाईट दुखणं. समीकरणं बरोबर, आकडे बरोबर, पण कॉम्प्युटरमधला दगड विरघळायचा तो भिंतीसारखा, सपाट. एकही बोगदा नाही. मॅडम बोलायच्या बंद झाल्या. त्या बोलायच्या बंद झाल्या की विभागातला पंखासुद्धा दबकत फिरायचा. जासईला त्यांच्या घरी गेलो तर त्यांचे वडील ओटीवरून विचारायचे, "काय गो हिरा, तुजा दगर इरगलला का नाय?" आणि मॅडम थेट पाय धुवायला जायच्या.

एका दुपारी डबा खाताना, सुकटीचा घास तोंडाशी नेता नेता त्या थांबल्या. मला म्हणाल्या, जाधव, आपल्या कॉम्प्युटरमधल्या दगडात खेकडा नाही.

मला वाटलं, झालं. जागरणानं बाई कामातून गेल्या.

मग त्यांनी सांगितलं. त्या लहान असताना जासईला खाडीकाठी त्यांची भातशेती होती. आता तिथं कंटेनरचे डोंगर उभे आहेत. तेव्हा खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचा लांबच लांब बांध होता, आणि उधाणाच्या दिवसांत त्या बांधावरची खेकड्यांची बिळं शोधून चिखलानं बुजवायची हे घरातल्या पोरींचं काम. बीळ बारीक आहे तोवर पाणी त्याला ओळखत नाही. पण शेजारच्या मातीपेक्षा तिथं जरा जास्त पाणी जातं, जास्त गेलं की बीळ मोठं होतं, मोठं झालं की आणखी पाणी त्यालाच. बाकीची बिळं तहानलेली राहतात आणि त्या एका ठिकाणी बांधाला खांड पडते, माणूस वाहून जाईल एवढी. बांध सगळीकडे अगदी सारखा असता तर फुटलाच नसता, नुसता झिजला असता. कॉम्प्युटरमधला दगड असाच होता, अतिशय प्रामाणिक, एका कणाचा फरक नसलेला. पाण्यानं निवडायचं तरी काय?

हात धुतला नाही, तशाच कॉम्प्युटरपुढे बसल्या. दगडाच्या प्रत्येक कणाला नशिबानं थोडं कमी-जास्त छिद्र देणारी एक संख्या घातली आणि तिचं नाव ठेवलं KHEKDA. मी उरणहून मासळी घेऊन परत आलो. कॉम्प्युटरनं निकाल दिला. सपाट भिंत.

त्या संध्याकाळी मॅडमच्या चेहऱ्याकडे बघायची कुणाची छाती झाली नाही. भगत वकील सहज वर आले होते, ते दारातूनच जिन्याकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तर बाई एकट्याच हसत होत्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आमची कॉम्प्युटरची भाषा होती फोर्ट्रान, आणि तिचा एक जुना हट्ट होता. आयपासून एनपर्यंतच्या इंग्रजी अक्षरांनी नाव सुरू झालं, की ती त्या नावाच्या पोटात फक्त पूर्णांक ठेवते. अपूर्णांक आला तर शेपटी कापून टाकते. आमचे खेकडे सगळे शून्य पूर्णांक काहीतरी. नाव केनं सुरू. शेपटी कापली, उरलं शून्य. कॉम्प्युटरनं आमचे हजारो खेकडे बिळातच मारले होते.

मी म्हटलं, मग इंग्रजीत क्रॅब लिहा, सीनं सुरू होतं. मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी सानपाड्याचं भाडं थकवलंय. त्यांनी लिहिलं CHIMBO, कारण नावाला सहाच अक्षरं चालायची. त्यांच्या गावात खेकड्याला चिंबोरी म्हणतात, आणि तीही सीनंच सुरू होते. पुस्तकातला खेकडा मेला होता. जासईची चिंबोरी जगली. त्या दिवशी पडद्यावर पहिला बोगदा उगवला, वेडावाकडा, फाट्यांचा, कपाटावरच्या मेणाच्या फांदीची सख्खी बहीण. मी आनंदानं पंपाला मिठी मारली. पंप गरम होता. खूण अजून आहे.

इथवर सगळं आमच्यातच होतं. मग दिल्लीहून चोप्रा साहेब आले.

चोप्रा मुख्य कचेरीतले. टाय एवढा लांब की जिना चढताना पुढे ते आणि मागून टाय. त्यांचं म्हणणं, असली गणितं परदेशातून तयार मिळतात. बेलापूरचा विभाग बंद करावा, कॉम्प्युटर अकाउंट्सला द्यावा आणि घरत मॅडमनी दिल्लीला येऊन निविदा तपासाव्यात. मॅडमसाठी हा काळ्या पाण्याचाच हुकूम होता. घर, खाडी आणि दगड सोडून फायलींवर सह्या करायच्या.  त्या फक्त म्हणाल्या, एक विहीर द्या. माझ्या वेगानं पंप करा. चुकलं तर मी स्वतः कॉम्प्युटर अकाउंट्सला उचलून देईन आणि त्याच दिवशीच्या गाडीनं दिल्लीला येईन.

चोप्रा साहेब हसले. ॲसिड जेवढं जोरात मारता येईल तेवढं मारायचं, हीच त्यांची रीत. "मॅडम, पत्थर को प्रेशर से जीतते हैं," ते म्हणाले. आणि मग एक खरा प्रश्न विचारला, ते मान्य करायला हवं. तुमचा ठोकळा चौकोनी आणि हातभर. विहीर गोल आहे. तिथं पाणी चहूबाजूंनी पसरतं. मग तुमचा मधला वेग तिथं कसा चालेल?

मॅडमनी चष्मा पुसला. एक वेग चालणार नाहीच, त्या म्हणाल्या. विहिरीपासून लांब जाईल तसं पाणी पसरतं आणि दमतं. म्हणून सुरुवात सावकाश, आणि बोगदा जसा पुढे जाईल तसा पंप वाढवत न्यायचा. कधी आणि किती, ते माझी चिंबोरी सांगते. चिंबोरी म्हणजे काय, हे नाडकर्णी साहेबांनी चोप्रांना कानात सांगितलं. चोप्रांना वाटलं हा जेवणाचा बेत आहे.

विहीर मिळाली. जुनी, बुजलेली, कुणाला नको असलेली.

ॲसिड सोडायच्या दिवशी दुपारी नाडकर्णी साहेबांच्या खोलीत आम्ही सगळे. भगत वकीलही, काही कारण नसताना, कोट घालून. समुद्रातून वायरलेसवर उरणच्या तळावर आकडे यायचे आणि तळावरचा माणूस ते आम्हाला फोनवर वाचून दाखवायचा. रिसीव्हर नाडकर्णी साहेबांच्या हातात. ॲसिड सावकाश सोडायला सुरुवात झाली. वाट सापडली तर दाब उतरणार होता. नाही सापडली तर ॲसिड विहिरीच्या तोंडाशीच दगड कुरतडत बसणार, वाया जाणार, आणि विहीर कायमची जाणार.

दाब उतरला नाही.

साहेबांनी आकडा सांगितला. थोड्या वेळानं पुन्हा तोच. मग पुन्हा तोच. खोलीत इतकी शांतता की खालच्या मजल्यावर वकिलांच्या छताचा डाग वाळताना ऐकू यावा. चोप्रा साहेब उठले आणि आवाज चढवून म्हणाले, फुल रेट, अभी, नाहीतर विहीर गेली.  नाडकर्णी साहेबांनी चोप्रांकडे पाहिलं, मग मॅडमकडे.

मॅडम खिडकीशी बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीवर. "अजून नाही," त्या म्हणाल्या.

चोप्रा म्हणाले, हा हुकूम आहे. त्यांनी रिसीव्हरसाठी हात पुढे केला. आणि मी शपथेवर सांगतो, या एवढ्या एका गोष्टीत मी मीठमसाला लावलेला नाही: जन्मात कुणाला नाही न म्हटलेले आमचे नाडकर्णी साहेब खुर्चीसकट मागे सरकले, रिसीव्हर छातीशी धरला, आणि मग तोंडाशी नेऊन म्हणाले, "मॅडम सांगतायत तेच करा."

पलीकडून खरखर.  मग तळावरचा माणूस काहीतरी बोलला आणि साहेबांनी ते तोंड उघडं टाकून ऐकलं.

"उतरतोय," ते म्हणाले. "दाब उतरतोय. हळूहळू. सारखा उतरतोय."

"आता वाढवा," मॅडम म्हणाल्या. "थोडाच." मग थोड्या वेळानं, आणखी थोडा. जसं गणितात लिहिलं होतं तसं, पायरी पायरीनं. आणि समुद्राच्या पोटात, कुणाला न दिसणाऱ्या दगडात, जासईच्या शेतातली चिंबोरी वाट काढत गेली. भगत वकिलांनी मला उचललं. माझं वजन तेव्हा साधारण एका बैलाएवढं होतं. चोप्रा साहेब खाली बसले, टाय सैल केला आणि पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी बातमी आली की विहीर वाहायला लागली. जुन्या कुणालाही आठवत नव्हती तशी. चोप्रांनी आदल्या दिवशीचा हुकूम आणि त्यावरची साहेबांची बंडखोरी दोन्ही गिळून टाकली. जाताना एवढंच म्हणाले की कॉम्प्युटर जिथं आहे तिथं राहू दे, आणि मॅडमनी पुढच्या विहिरींचं बघावं. नंतरच्या काळात पंप सावकाश सुरू करून वाढवत नेण्याची ती रीत कंपनीत सगळीकडे रुळली. कुणी नवा माणूस ती रीत समजावायला लागला की मी गप्प ऐकतो आणि शेवटी विचारतो, चिंबोरी खाल्लीय का कधी?

मला मात्र मॅडम आठवतात त्या विहिरीची बातमी आली त्या संध्याकाळच्या. सगळे पेढे खायला खाली वकिलांकडे गेले होते. बाई एकट्याच मोरीत, पदर खोचून, बादलीला चिकटलेलं वाळलेलं प्लास्टर काथ्यानं घासत होत्या. नाडकर्णी साहेब हातात पेढा घेऊन दारात आले.  त्यांनी विचारलं, हिराबाई, खरं सांगा, काल दाब उतरत नव्हता तेव्हा तुम्हाला भीती नाही वाटली?

मॅडमनी बादली विसळली, उपडी ठेवली.

"वाटली होती," त्या म्हणाल्या. "पण पंपाच्या वेगाचा आकडा सांगायच्या आधी. सांगितल्यावर नाही."